एका कान्याचा फरक

"मी नाही बाई! शरू, तू जाऊन ये. मी आपली खोलीत बसते."

लाल पडद्याआडच्या कपडे बदलायच्या खोलीत आई टॉवेल छातीशी घट्ट धरून उभी होती. टॉवेल म्हणजे नावाला टॉवेल. पोळ्या गुंडाळायचं फडकं याहून मोठं असतं.

"आई, इथे सगळ्या तशाच असतात. नियमच आहे तो."

"कसला मेला नियम! वज्रेश्वरीच्या कुंडात माझी आजी नऊवारी नेसून उतरायची. वर पदर खोचून."

"इथे पाण्यात कापडाचा तुकडासुद्धा चालत नाही. टॉवेल डोक्यावर ठेवायचा."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं देवावर."

आई फिस्सकन हसली आणि मी जिंकले. तेव्हा मी आठवीत होते आणि त्या दिवसांत मी सारखी जिंकतच होते. म्हणजे बघा ना, नरिता विमानतळापासून तीन गाड्या बदलून, कमरेएवढ्या बर्फातून आम्ही त्या डोंगरातल्या गावात पोचलो, ते कुणाच्या जिवावर? बाबा स्टेशनवर घ्यायला येईपर्यंत तिकिटं, फलाट, डबा नंबर सगळं मी विचारलं होतं. जपानीत! समोरचा माणूस "ओ, जोझु!" म्हणजे 'वा, छान बोलतेस' म्हणाला की मला वाटायचं, आता याला पुण्याचा पत्ता देऊन टाकावा. आई आपली माझ्यामागे दोन पिशव्या धरून उभी. "माझी दुभाषी," असं ती सगळ्यांना मराठीत सांगायची.

त्याच्या जवळजवळ तीन वर्षं आधी बाबा कंपनीतर्फे जपानला गेला. एअरपोर्टवर मी इतका तमाशा केला होता की शेवटी त्याने गुडघ्यावर बसून मला शब्द दिला: तीन वर्षं. एकतीस मार्चला परत. त्याच्या आतबाहेर नाही. मी त्याला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं की मग मी जपानी शिकते, म्हणजे तू तिकडे काय करतोस ते मला कळेल. आणि शिकले. तीन वर्षं, शनिवार-रविवार, परचुरे सेन्सेईंकडे, म्हणजे परचुरे बाईंकडे. नाताळच्या सुट्टीत आम्ही त्याला भेटायला गेलो तेव्हा एकतीस मार्चला फक्त तीन महिने उरले होते. गाडीत बसल्या बसल्या मी विचारलं होतं, "तिकीट काढलंस?" बाबा म्हणाला, "बघू, बघू. आधी गरम पाण्यात बसा. हे गाव म्हणजे स्वर्ग आहे. मी दर हिवाळ्यात येतो."

तर स्वर्ग. वास मात्र नासक्या अंड्यांचा.

आईने सपाता काढल्या आणि टोकं दाराकडे करून नीट लावून ठेवल्या. तिकडे तशाच ठेवतात. मी सांगणारच होते, पण तिने आधीच केलं. बघून शिकली असेल म्हटलं.

आत वाफच वाफ. आधी छोट्या स्टुलावर बसून घसघसून आंघोळ करायची आणि मग कुंडात उतरायचं. मी उतरले आणि किंचाळले. पाणी नव्हतं ते, उकळता चहा होता. भिंतीपलीकडून बाबाचा आवाज आला. पुरुषांचं कुंड पलीकडे आणि मधली भिंत छताला न टेकणारी.

"काय गं, शिजलीस का?"

"अर्धी! तू?"

"मी केव्हाच. आता फोडणी द्या!"

कुंडात आमच्याशिवाय एकच बाई होत्या. तोमि-सान. आम्ही उतरलो होतो त्या यात्रीनिवासाच्या थोरल्या मालकीणबाई, म्हणजे आताच्या मालकीणबाईंच्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, चेहरा वाळलेल्या जर्दाळूसारखा, डोक्यावर टॉवेलची घडी. बाबा त्यांच्याकडे दर वर्षी उतरायचा म्हणून त्यांना आमची सगळी माहिती. त्या माझ्या जपानीवर इतक्या खूश झाल्या की पाण्यातल्या पाण्यात टाळ्या वाजवू लागल्या.

मग आईकडे वळून काहीतरी लांबलचक बोलल्या. त्या सगळंच लांबवून बोलायच्या, प्रत्येक शब्द ताणून, जणू गाण्याची शिकवणी चालू आहे. मला त्यातलं 'शिगात्सु कारा' कळलं, म्हणजे 'एप्रिलपासून'. आणि 'तानोशिमि', म्हणजे 'मज्जा येणार'.

"आई, त्या म्हणतायत, एप्रिलपासून तुमची मज्जा आहे. बाबा परत येणार ना, म्हणून!"

आईने डोक्यावरचा टॉवेल काढून तोंडावर घेतला.

"हो म्हण त्यांना," टॉवेलच्या आतून ती म्हणाली.

मी म्हटलं. तोमि-सान माझ्याकडे वळल्या. माझा ओला गाल थोपटत म्हणाल्या, 'मुलगी ओबासानकडे, शहाणी आहे हो.'

आता इथे जरा थांबायला हवं. जपानीत 'ओबसान' म्हणजे मावशी आणि 'ओबासान' म्हणजे आजी. परचुरे सेन्सेईंनी पहिल्या महिन्यातच फळ्यावर लिहून दिलं होतं, "एका कान्याने मावशीची आजी होते, सांभाळा." मराठीच्या बाई ऱ्हस्व-दीर्घाला अर्धा मार्क कापतात, तिकडे अख्खं माणूस बदलतं. आणि मी त्यात पक्की होते! मी ऐकलं 'ओबासान'. मला वाटलं, त्या स्वतःबद्दलच बोलतायत: मुलगी आजीजवळ बसलीय, शहाणी आहे. म्हणून मी सरकून त्यांना आणखी चिकटून बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आलेले दिसले. मला वाटलं वाफ.

"बाबा," मी भिंतीकडे तोंड करून ओरडले, "तोमि-सान मला नात म्हणाल्या!"

भिंतीपलीकडून काहीच आलं नाही. मला वाटलं, निघून गेला असेल.

*

चार वाजता आई आणि मी अंडी उकडायला गेलो. त्या गावात घरटी एक वेताची टोपली असते. गावाच्या मधोमध दगडांनी बांधलेलं उकळत्या झऱ्याचं टाकं आहे. बायका तिथे टोपलीत अंडी, पालेभाजी, रताळी घेऊन येतात, दोरीला बांधून पाण्यात सोडतात आणि गप्पा मारत बसतात. आपल्याकडे नळावर असतात तशाच. बर्फ भुरभुरत होता. आमच्या पायांत लाकडी खडावा आणि अंगावर यात्रीनिवासाने दिलेले जाड कापसाचे अंगरखे.

"आई, मी ठरवलंय," मी म्हणाले. "एप्रिलपासून बाबाला माझ्याबरोबर रोज सकाळी बॅडमिंटनला यावं लागेल. पोट बघितलंस त्याचं? आणि त्याचं टेबल मी परत देणार त्याला. माझा पसारा मी खिडकीत हलवेन."

"पाय जपून टाक. घसरशील."

"तू ऐकतच नाहीयेस."

"ऐकतेय, शरू."

टाक्याजवळ तोमि-सान होत्याच. गुडघ्यांवर गोधडी घेऊन लाकडी बाकावर बसलेल्या. आम्हाला बघून त्यांनी शेजारची पुरचुंडी उचलली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. जांभळ्या कापडात बांधलेली बरणी होती, मुळ्याच्या पाल्याच्या लोणच्याची. त्यांनी स्वतः घातलेलं. वर एक कागदाची पट्टी, त्यावर थरथरत्या अक्षरांत ब्रशने लिहिलेलं.

मी वाचलं. ओ-ब-सा-मा-ए. 'ओबसामांना'.

आणि मला हसूच आलं. मावशीला? माझ्याकडून मावशीला कशाला लोणचं? स्वतःच्या आठवणीचं देतायत ना! म्हणजे 'आजीकडून' लिहायचं, तर 'ला' लिहिलं. त्यात परत 'आ' राहिला. जपानीत हा लांब 'आ' वेगळं अक्षर म्हणून लिहावा लागतो, आणि म्हातारीने तोच गाळला!

तर मी काय केलं? तुम्ही विश्वास ठेवणार नाही. मी, पुण्याची आठवीतली मुलगी, ऐंशी वर्षांच्या जपानी बाईचं शुद्धलेखन तपासलं. अगदी नम्रपणे, वाकून. म्हटलं, "तोमि-सान, माफ करा हं, इथे एक 'आ' राहिलाय. असं लिहिलं तर आजीची मावशी होते."

टाक्याभोवतीच्या बायका खदखदून हसल्या. तोमि-सानही हसल्या, इतक्या की त्यांचा खालचा एकुलता एक दात दिसला. मग त्यांनी मान हलवली आणि माझ्यासाठी, परदेशी पोरीसाठी, प्रत्येक शब्द सुटा करून, या वेळी अजिबात न ताणता बोलल्या:

"नाही, नाही. ओब-सान. भारतातल्या तुझ्या ओब-सान. एप्रिलपासून तू त्यांच्याकडे राहणार ना? आई इकडे येणार, तू तिकडे. त्यांना द्यायला हे. माझ्याकडून, पोरीला सांभाळा म्हणून."

मला सगळं कळलं. शब्दन् शब्द. परीक्षेत ऐकण्याच्या पेपराला लावतात ती कॅसेटसुद्धा इतकी स्पष्ट नसते.

मी आईकडे वळले. मला खरंच वाटत होतं की तिला भाषांतर करून सांगायला हवं.

पण आई माझ्याकडे बघत नव्हती. ती तोमि-सानकडे बघत होती. दोन्ही हात पुढे करून, कुणी पडत असलं की आपण धरायला जातो तसे. आणि ती म्हणाली,

"आनो, मादा हानाशिते इनाइन देसु."

'अहो, तिला अजून सांगितलेलं नाही.'

स्वच्छ जपानीत. अजिबात न अडखळता.

तोमि-सानचा हात तोंडावर गेला. टाक्यातली कुणाची तरी टोपली दोरीला हिसके देत होती.

मी पहिलं काय विचारलं माहितीये? 'का' नाही. 'तुला जपानी कसं येतं' नाही. जपानीत मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्यांना एकच शब्द आहे ना! मी म्हटलं,

"कोणती?"

"काय?"

"कोणती ओबसान? मावशी की आत्या?"

आई म्हणाली, "आत्या."

म्हणजे मिरज. म्हणजे पुणेसुद्धा नाही. शाळा नाही, टीम नाही, खिडकी नाही. सुलूआत्या मिरजेच्या एका हॉस्पिटलात मेट्रन होती आणि तिच्या घरात टीव्हीसमोर उशी नेऊन लोळायलासुद्धा बंदी होती.

मी चालू लागले. खडावांतून पळता येत नाही, हा त्या गावाचा आणखी एक नियम. आई मागून येत होती.

"शरू, थांब. शरू, मी आज सांगणारच होते. जेवताना. बाबा आणि मी ठरवलं होतं—"

"कुठे शिकलीस?"

"अगं—"

"जपानी कुठे शिकलीस?"

"परचुरे बाईंकडे. मंगळवार-गुरुवार."

"मंगळवारी-गुरुवारी तू योगासनांना जातेस."

तिने अंगरख्याची बाही खाली ओढली.

"सेन्सेईंना माहीत होतं?"

"मीच म्हटलं होतं त्यांना, शरूला बोलू नका. आधी मला जमतंय का तेच माहीत नव्हतं गं. म्हटलं, जमलं तर तुला चकित करू."

"केलंस की!"

एका बंद दुकानाच्या वळचणीखाली आम्ही उभ्या राहिलो. छपरावरून बर्फाचा एक गठ्ठा धप्पकन आमच्या मधे पडला.

"आंघोळीला मी चुकीचं सांगितलं तुला," मी म्हणाले. "मी म्हटलं, बाबा परत येणार म्हणून मज्जा. तुला कळलं होतं ना, त्या काय म्हणाल्या ते? दोन्ही भाषांतलं कळलं होतं. आणि तू मला म्हणालीस, हो म्हण त्यांना."

"हो."

"मी हो म्हटलं, आई! माझ्या तोंडाने! मला आत्याकडे टाकताय त्याला मीच हो म्हणाले!"

"टाकत नाहीये कुणी. शरू, ऐक. कंपनी आणखी दोन वर्षं म्हणतेय. त्याच्या कारखान्याच्या गावात इंग्रजी शाळा नाही. तुझी नववी, दहावी. मधे काही करता येत नाही."

"मग तू थांब."

आईने डोक्यावरचा बर्फ झटकला. बराच वेळ झटकत राहिली.

"मी थांबू शकते," ती म्हणाली. "सगळे तेच म्हणाले. माझी आईसुद्धा. पण तीन वर्षं मी फोनच्या काचेवर संसार केला गं. आणखी दोन नाही होणार माझ्याच्याने. मला जायचंय. बाबाने बोलावलं म्हणून नाही, मलाच जायचंय."

तिने दुसरं काही सांगितलं असतं, तुझ्या भल्यासाठी वगैरे, तर मी भांडू शकले असते. इतके दिवस खोटं बोलून खरं बोलायला तिने तीच वेळ निवडली.

"तुझा फोन दे," मी म्हणाले.

मिरजेत तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. आत्याने पहिल्या घंटेला उचलला.

"काय गं मेधा, सांगितलं का पोरीला?"

"मी शरू आहे."

"अगंबाई." मग एक मोठा उसासा. "कळलं एकदाचं. हुश्श! दिवाळीपासून तोंडाला कुलूप लावून बसलेय मी."

"दिवाळीपासून?"

"तेव्हाच ठरलं की. मी म्हटलं होतं हो त्यांना, आधी पोरीला विचारा. माझं काय, मी सांभाळीन, पण तिला विचारा. तर म्हणे, तिची चाचणी परीक्षा होऊ दे. मग म्हणे, तिकडे गेल्यावर छान वातावरणात सांगू."

"आत्या, दिवाळीत तू मला विचारलं होतंस, तुला कुठला रंग आवडतो म्हणून."

"हो."

"मी म्हटलं होतं, समुद्री हिरवा."

"हो गं," आत्या हळू आवाजात म्हणाली. "लागला तो भिंतीला. मागच्याच आठवड्यात."

मी फोन आईला परत दिला.

*

सहा वाजता खोलीत जेवण आलं. ठेंगण्या टेबलावर वीस-बावीस छोट्या वाट्या, प्रत्येकीत दोन-दोन घास. बाबा अंगरखा घालून आधीच बसला होता. आईने त्याला सांगितलेलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तो माझ्या वाटीत सारखं काहीतरी वाढत होता.

"हे बघ, ही कंदाची वडी. अळूवडीसारखी लागते. खाऊन बघ."

"तू भिंतीपलीकडेच होतास ना?" मी विचारलं. "दुपारी. मी हाक मारली तेव्हा."

तो वाढायचा थांबला.

"होतो."

"ऐकलंस सगळं?"

"ऐकलं." त्याने चष्मा काढून अंगरख्याला पुसला. "शरू, शब्द मोडला मी. मान्य. पण तुझा विचार करूनच सगळं ठरवलंय आम्ही. सुट्टीत तू इकडे, मोठ्या सुट्टीत आम्ही तिकडे. दोन वर्षं काय, अशी जातात. तू तर केवढी धीट झालीयेस! कुणाची गरज आहे तुला? गाड्या काय बदलतेस, बोलतेस काय. मी तर आईला म्हटलं, ही आपल्यालाच सांभाळेल."

म्हणजे ते मीच केलं होतं. मी फलाट विचारत होते, डबा नंबर शोधत होते, आणि ते दोघं बघत होते की हिला आता सोडता येईल.

मालकीणबाई सूप घेऊन आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि सवयीने माझ्याकडे बघून विचारलं, सकाळची न्याहारी किती वाजता हवी. बाबानेही सवयीने माझ्याकडे बघितलं. मी सुपाकडे बघत राहिले. मग आईने सांगितलं, साडेसात. मालकीणबाई चकित होऊन म्हणाल्या, "ओ, जोझु!"

त्या गेल्यावर मी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"आता मला विचारा," मी म्हणाले.

"काय विचारू?" बाबा म्हणाला.

"जे दिवाळीत विचारायचं होतं ते. आत्याने सांगितलं होतं तुम्हाला. विचारा."

"शरू, आता त्याचा काय—"

"विचारा ना."

बाबाने आईकडे बघितलं. आई टेबलावरच्या रिकाम्या वाट्या एकात एक रचत होती.

"विचार तिला, अनिरुद्ध," ती म्हणाली.

बाबाने चष्मा परत डोळ्यांवर लावला. घसा खाकरला. एखाद्या मोठ्या माणसाशी बोलताना बसतात तसा सरळ बसला.

"शर्वरी, दोन वर्षं तू आत्याकडे राहशील का?"

"नाही," मी म्हणाले.

बाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं.

"बरं," बाबा म्हणाला. "पुण्याला गेल्यावर बोलू आपण."

पुण्याला गेल्यावर कुणी काही बोललं नाही. चार एप्रिलला आत्या मला न्यायला आली.